समुद्र नसलेल्या गावातून

या शाळेचं माझ्यावरचं ऋण सांगत बसलो तर संध्याकाळ सरेल, आणि बोलायचं तर समुद्री पक्ष्यांच्या अभ्यासाबद्दल आहे. आपल्या कुरुंद्याहून समुद्र शेकडो किलोमीटर लांब; मग हा विषय आपल्या पोरांचा कसा, ही शंका रास्तच. माझं म्हणणं असं, की या कामात समुद्राकाठी जन्मण्यापेक्षा नेमाने नोंद लिहिण्याची सवय मोठी. 1956 साली पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटावर पक्षीशास्त्रज्ञ चँडलर रॉबिन्स यांनी एका अल्बट्रॉस मादीच्या पायात कडं घातलं. 2002 साली तीच मादी त्यांच्याच हाती पुन्हा लागली. हा पक्षी पन्नाशी गाठतो, हे कळलं ते कड्यावरच्या आकड्यामुळे आणि जपलेल्या नोंदींमुळे. सत्तरी ओलांडून 2024 च्या अखेरीसही तिने अंडं घातलं! नेमाने पाहणाऱ्याला न शोधलेलंही सापडतं. आपल्याकडे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची मंडळी कोकणात समुद्रगरुडाची घरटी शोधत फिरत होती. त्या पाहणीत 2002 मध्ये वेळासच्या वाळूत कासवांच्या अंड्यांची टरफलं दिसली आणि तिथलं कासव संवर्धन सुरू झालं.

कोणी म्हणेल, आता पक्ष्याच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवतात, वही कशाला? यंत्र पक्षी कुठे गेला ते सांगतं. तो ज्या बेटावर उतरला तिथे पूर्वी काय होतं, ते नाही सांगत. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवरच्या सुरय पक्ष्यांविषयी पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी 1940 च्या दशकात लिहून ठेवलं, म्हणून आजच्या पाहणीला मागचा आधार आहे. दुसरा आक्षेप पोटापाण्याचा, आणि तो जास्त खरा. प्राणिशास्त्राची पदवी, जोडीला संख्याशास्त्र, मग बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) किंवा देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था, असा साधारण रस्ता. जागा थोड्या, आणि एक प्रकल्प संपला की दुसऱ्याची वाट बघायची. पण पुढे बसलेल्या हळद उत्पादकांनीच सांगावं, भावाची खात्री असते म्हणून तुम्ही बेणं लावता का? आपल्याकडच्या येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांच्या पाण्यावर हिवाळ्यात पक्षी उतरतात. ते मोजायला पदवी लागत नाही, दर वर्षी त्याच काठावर त्याच सुमारास उभं राहावं लागतं. पोरांनो, निकाल काहीही लागो, तारीख टाकून रोज चार ओळी लिहा. आणि मुख्याध्यापक सर, इतक्या ढाली मांडल्या आहेत. पुढच्या संमेलनात त्यातली एक वर्षभर न चुकता नोंदी ठेवणाऱ्याला देता येईल का?