पंगत, उपवास आणि कळसूबाईची चढण



गौरी जेवून गेल्या, गणपती गेले. आता पितरांची जेवणं चालू आहेत. मग नवरात्र येईल. नऊ दिवसांचे उपवास आणि कळसूबाईची चढण. त्यामागून कोजागरी, दिवाळी, तुळशीचं लग्न, आणि तुळशीचं लागलं की माणसांची लग्नं. संक्रांतीची हळदीकुंकवं संपेपर्यंत दर आठवड्याला कुठे ना कुठे आपलं ताट मांडलेलंच असतं. या दिवसांत जरा बेतानं खा, असं कुणाला म्हटलं की उत्तर ठरलेलं, "ताई, सगळं पटतं, पण चार लोकांत राहायचं तर खावंच लागतं." आज मी याच वाक्यावर बोलणार आहे.

हे वाक्य खोटं नाही. आपल्याकडे नातं ताटावरून ओळखतात. भावकीच्या लग्नात हात धुऊन नुसतंच उठलं, तर पुढच्या लग्नापर्यंत ते ऐकावं लागतं. म्हणून मी कुणाला पंगतीला जाऊ नका असं सांगणार नाही. जायचं, बसायचं, जेवायचं. पण घरी परतताना तब्येत जशी नेली तशी परत आणायची.

हा विषय बचत गटात कशाला, असं काहींना वाटेल. मी अकोले तालुक्यातल्या गटांचं काम बघते. कर्जमागणीच्या अर्जात पूर्वी बी-बियाणं, शेळी, पोरांची फी अशी कारणं असायची. आता त्यात औषधपाणीही दिसतं. बैठकीत मी विचारते, साखरेची किंवा बीपीची गोळी कुणाकुणाला चालू आहे? आधी कुणी हात वर करत नाही. एकीनं केला की मग दोन-तीन वर येतात. दुसरीकडे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे 2019 ते 2021 चे आकडे सांगतात की महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणजे गोड आणि तेलकट जास्त, आणि अंगाला लागणारं कमी, अशी दोन्ही दुखणी एकाच बाईला असू शकतात.

आता बिघडतं कुठे ते बघू. एका पंगतीनं काही बिघडत नाही. गटात एखादीचा एक हप्ता चुकला तर आपण गट मोडतो का? पुढच्या आठवड्यात ती भरते. खाण्याचंही तसंच धरा. एक दिवस पुरणपोळी झाली, तर दुसऱ्या दिवशी चूल आपल्या नेहमीच्या वळणावर आली पाहिजे. पण होतं असं की लग्नाचा डबा घरी येतो. बुंदी, पुऱ्या, मसालेभात. पोरं एक दिवस खातात आणि कंटाळतात. मग अन्न टाकायचं कसं म्हणून घरातली बाई दोन दिवस तेच शिळं खाते. पंगत एका दुपारची, पण तिच्या पोटात ती तीन दिवस चालते. म्हणून डबा आला की त्याच संध्याकाळी आळीत वाटून टाका. आणि सकाळी बाजरीची नाही तर नाचणीची भाकरी, पालेभाजी आणि वरण. आपल्या नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. कंबर-गुडघे धरलेल्या बाईनं हे लक्षात ठेवावं.

बिघडण्याची दुसरी जागा म्हणजे चहा. तो कुणी खाण्यात धरतच नाही. हळदीकुंकवाच्या दिवशी पाच घरं झाली की पाच चहा झाले. एका कपात दोन चमचे साखर, एक चमचा साधारण पाच ग्रॅमचा. पाच कपांत पन्नास ग्रॅम साखर पोटात गेली. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं दिवसभरात वरून घातलेली साखर साधारण पन्नास ग्रॅमच्या आत ठेवावी, पंचवीसवर आणली तर आणखी चांगलं. म्हणजे लाडू, वडी, प्रसाद यांच्या आधीच नुसत्या चहानं माप भरलं. शिवाय जेवणावर लगेच चहा घेतला, तर भाजीतलं लोह अंगाला नीट लागत नाही. जेवणानंतर तासभर तरी चहा नको, आणि भाजीवर लिंबू जरूर पिळा. लिंबानं लोह अंगी लागायला मदत होते.

तिसरी जागा म्हणजे उपाशी पोटी लग्नाला जाणं. मुहूर्त साडेबाराचा असतो, लग्न लागतं दीडला. मग व्याह्यांची पंगत, पुरुषांची पंगत, आणि बायकांना पाट मिळतो तीनला. सकाळी सहाला घेतलेल्या चहावर तीनला बसलेली बाई काय मोजून जेवणार? निघताना अर्धी भाकरी-भाजी खा, नाही तर मूठभर फुटाणे खा. पोटात थोडं असलं की डोकं ताळ्यावर राहतं.

आता पंगतीत बसल्यावरचं सांगते. आधी कोशिंबीर, भाजी आणि वरण संपवा, मग भात, गोड शेवटी. बुंदी आणि जिलेबी दोन्ही असली तर आवडतं ते एकच घ्या, पण मनापासून खा. भराभरा ताट मोकळं करू नका. रिकामं ताट दिसलं की वाढपी तिथे थांबतोच. "पोट भरलं" म्हटलं तर आपल्याकडे कुणी ऐकत नाही. त्यापेक्षा म्हणा, "राहू द्या दादा, लागलं की मागून घेते." यात त्याचा मान राहतो आणि आपलं ताटही राहतं. पाणी मागा, ताक असेल तर ताक मागा. मिठाचा डाव मात्र पुढे जाऊ द्या. मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान चमचाभर मीठ पुरे, आणि लोणचं-पापडातून ते निम्मं-अर्धं आलेलंच असतं.

ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी सरळ सांगावं. मला माहीत आहे, काही बायका लपवतात. पोरीचं लग्न ठरायचंय, लोक काय म्हणतील. पण लपवलं की तीच माणसं प्रेमानं दुसरी जिलेबी वाढतात. माहीत असतं तर त्यांनीच काकडी पुढे केली असती.

आता नवरात्राकडे येते. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण उगाच नाही. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वेफर, तळलेले वडे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ सत्त्व, त्यात प्रथिनं नावालाच. त्यापेक्षा भगर बरी, राजगिऱ्याची भाकरी बरी, सोबत शेंगदाण्याची आमटी, दही-ताक, एखादं फळ. भगरीबद्दल एक मात्र सांगून ठेवते. उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्याकडे येत असतात. जुन्या, दमट भगरीला बुरशी लागते. सुटं तयार पीठ आणू नका. बंद पाकिटातली भगर आणा, तारीख बघा, निवडून धुऊन घ्या, लागेल तेवढंच पीठ घरी दळा आणि ताजं शिजवून खा.

आणि कळसूबाई. आपली आई, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, 1646 मीटर. बारी गावातून चढायला साधारण तीन-चार तास लागतात, मध्ये लोखंडी शिड्या आहेत. नवरात्रात आपल्यातल्या कितीतरी जणी उपवास धरून वर जातात. गेल्या नवरात्रात गटातली एक मावशी अशीच चढत होती. वय पंचावन्नच्या पुढे, साखरेची गोळी चालू. गोळी नेमानं घेतली, पण पोटात नुसता कोरा चहा. शिडीच्या खाली तिला दरदरून घाम आला, हात थरथरायला लागले, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं. सोबतच्या एकीनं हात जोडले, दुसरीनं पिशवीतलं कुंकू काढलं. त्यांना वाटलं, अंगात आलं. पण मागून तिची सून येत होती. तिनं आशाताईंचं बोलणं ऐकलेलं होतं. तिनं एकच विचारलं, "सासूबाईंनी गोळी घेतली होती का?" आणि बाटलीत साखर घालून त्यांना पाजली. पंधरा मिनिटांत मावशी ओळखीचं बोलायला लागल्या. मावशींनीच मला सांगितलं की हे रेडिओवर सांग, नाव तेवढं घेऊ नकोस.

त्यांची साखर उतरली होती. गोळी साखर कमी करते. खायला काही नसेल तर काही गोळ्या ती धोक्याइतकी खाली आणतात. घाम, थरथर, छातीत धडधड, गरगरणं, भलतंच बोलणं ही तिची लक्षणं. अशा वेळी लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, पंधरा मिनिटं वाट बघायची, बरं वाटलं नाही तर पुन्हा द्यायचं, मग काहीतरी खायला द्यायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, तडक दवाखान्यात न्यायचं. देवीला हात जोडाच, पण साखरपाणी आधी द्या.

म्हणून गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्या बाईनं नवरात्राच्या आधी उपकेंद्रात जावं, आणि उपवासात गोळी कशी घ्यायची ते डॉक्टरांना विचारावं. आपल्या मनानं बंद करू नये आणि रेटूनही नेऊ नये. जिला काहीच माहीत नाही तिनं तपासून घ्यावं. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची साखर आणि बीपी आरोग्य मंदिरात फुकट बघतात.

चढताना पिशवीत शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याचे लाडू आणि माणशी दोन लिटर पाणी घ्या. घाम फार येत असेल तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, सपाट मापानं, आणि वर लिंबू पिळा. साखरेचा आजार असलेलीनं मात्र हे डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. तिनं घोट घोट साधं पाणी प्यावं आणि साखरेची पुडी अडचणीसाठी जवळ ठेवावी. उजाडताच निघा आणि एकटी चढू नका.

खाली उतरल्यावर पायथ्याला भज्यांचा वास येतो आणि मन म्हणतं, एवढा डोंगर चढले, आता काहीही चालतं. एखादी प्लेट चौघींत घ्या, मजा येईल. पण डोंगर वर्षातून एकदा चढतो आणि भजी दर बाजाराला खातो, हेही ध्यानात असू द्या. काही जणी म्हणतात, आम्ही रानात राबतो, आम्हाला कसली साखर? राबणं चांगलंच. पण पाणी आता मोटारीनं येतं, दळण चक्कीवर होतं, बाजाराला गाडी जाते. आपल्या आज्यांचे कष्ट आपल्याला तितके उरले नाहीत, ताट मात्र त्यांच्याहून गोड झालं. गंमत बघा, शहरातले ट्रेकर आपल्या ओसरीवर पैसे मोजून नाचणीची भाकरी आणि ठेचा मागतात, आणि आपली पोरं बिस्किटाचा पुडा घेऊन शाळेत जातात.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. सुरुवातीला म्हटलं ना, चार लोकांत खावंच लागतं. हे चार लोक कोण? आग्रह कोण करतं? वहिनी, मामी, नणंद, व्याहीण. म्हणजे आपणच. आज आपण पंगतीत बसलेल्या असतो, उद्या आपणच हातात पातेलं घेऊन उभ्या असतो. "माझ्या नावाचा एक" म्हणून दुसरीच्या ताटात लाडू आपणच टाकतो. तेव्हा ही रीत बदलायला सरकारचा आदेश नको, नवऱ्याची परवानगीही नको.

गटाच्या दशसूत्रीत आरोग्य आहेच. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि तीन गोष्टी ठराव वहीत लिहा. पहिली, गटातल्या कुणाच्याही कार्यात विचारल्याशिवाय ताटात वाढायचं नाही, आणि 'नको' एकदाच म्हटलं तरी पुरे. दुसरी, बैठकीचा आणि हळदीकुंकवाचा चहा अर्धा कप, साखर वेगळी, सोबत बिस्किटांऐवजी फुटाणे-शेंगदाणे. तिसरी, नवरात्रात डोंगर चढणाऱ्या बायकांची यादी आधी करायची, गोळ्या कुणाला चालू आहेत ते विचारायचं आणि प्रत्येक टोळीत एकीकडे साखरेची पुडी द्यायची.

यात पैसा लागत नाही. उलट औषधासाठी घ्यावं लागणारं एखादं कर्ज टळलं, तर तीही बचतच. एकटीनं 'नको' म्हटलं तर ती शिष्ट ठरते. दहाजणींनी म्हटलं तर ती गावाची पद्धत होते. गट आपण त्यासाठीच केला आहे.

सणांच्या आणि नवरात्राच्या शुभेच्छा. नमस्कार.