परदेशचे विद्यापीठ निघण्यापूर्वी पाहावे कसे?
(रोहिणखेड येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाने मला विद्यार्थ्यांपुढे बोलण्याची आज्ञा केली आहे. परंतु माझे बोलणे त्यांच्याइतकेच त्यांच्या आईबापांसाठी आहे. परदेशी शिकावयास निघालेल्या मुलामुलींची नावे आताच वाचली गेली आणि ऊर भरून आला. त्याबरोबरच एक चिंताही वाटली. मुलीला स्थळ सांगून आले म्हणजे आपण काय करतो? घर पाहतो, विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहते का ते विचारतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करतो. तीच मुलगी दोन वर्षांसाठी सातासमुद्रापलीकडे जावयाची असते, त्यासाठी शेत गहाण पडलेले असते, आणि ती जेथे राहणार ती जागा मात्र आपण एजंटाच्या रंगीत पुस्तिकेत पाहून समाधान मानतो! या आपल्या रोहिणखेडजवळ 1437 व 1590 साली लढाया झाल्या. हेर पुढे धाडल्यावाचून कोणता सेनापती येथवर आला असेल?

आनंदीबाई जोशी 1883 साली कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस निघाल्या. त्यापूर्वी कित्येक महिने न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंशी त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. कधी न पाहिलेल्या त्या दोघींमध्ये पत्रांतून मावशी-भाचीचे नाते जडले. अमेरिकेत पोहोचल्यावरही आनंदीबाई एकदम कॉलेजात गेल्या नाहीत. आधी कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या, आणि फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयास अर्ज तेथूनच लिहिला. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहून थंडी बाधते, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. त्या काळी याहून अधिक तयारी कोणी केली असती असे मला वाटत नाही. तथापि कॉलेजच्या गावी जी खोली मिळाली तिच्या भिंतीतील शेगडीचे धुराडे नीट नव्हते. पेटवावी तर धूर, न पेटवावी तर थंडी! 11 मार्च 1886 रोजी त्यांना पदवी मिळाली आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यास क्षयाने त्यांचे निधन झाले; वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्या धुरानेच क्षय जडला असे मी म्हणत नाही. पण ती खोली त्यांना निघण्यापूर्वी पाहता आली नव्हती. आपल्याला आज ती घरबसल्या पाहता येते, आणि आपण पाहत नाही.

खोलीचे राहू द्या, विद्यापीठ तरी खरे आहे ना? अमेरिकेतील मिशिगन राज्यात 'फार्मिंग्टन विद्यापीठ' नावाची एक संस्था होती. तिला संकेतस्थळ होते, बोधचिन्ह होते, एवढेच नव्हे तर सरकारमान्य संस्थांच्या यादीतही तिचे नाव होते. प्रत्यक्षात कचेऱ्यांच्या एका इमारतीत थोडीशी जागा. वर्ग नाहीत, अध्यापक नाहीत. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्यानेच लावलेला तो सापळा होता, हे जानेवारी 2019 मध्ये उघड झाले आणि शंभराहून अधिक भारतीय विद्यार्थ्यांना अटक झाली. त्यांपैकी कोण जाणूनबुजून गेले व कोण फसले, हा वाद येथे नको. यादी अवश्य पाहावी. पण वर्ग कोठे भरतात आणि शिकवितात कोण, हे त्यांनी कोणाला विचारले असते तर यादीने जे सांगितले नाही ते कळले असते.

इंग्लंडच्या बाबतीत निराळी गफलत होते. विद्यापीठाचे नाव एका शहराचे आणि वर्ग दुसऱ्याच शहरात! कॉव्हेंट्री विद्यापीठाची लंडनमध्येही शाखा आहे. अशी आणखीही आहेत. यात फसवणूक काही नाही. पण लंडनचे भाडे निराळे, म्हणून शिक्षणाचा पत्ता प्रवेशाच्या कागदावर नीट वाचूनच पैसे भरावेत.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. माझ्या पुतणीने 'विद्यापीठापासून दहा मिनिटे' अशी जाहिरात वाचून खोली ठरविली, आणि अनामत लगेच भरून टाक असा सल्ला मीच दिला. ती दहा मिनिटे मोटारीची होती! पायी पाऊण तास, आणि प्रयोगशाळा सुटेपर्यंत शेवटची बस निघून गेलेली. तीन महिन्यांनी खोली सोडली, अनामत बुडाली. गूगलच्या नकाशावर खोलीपासून वर्गापर्यंतचे पायी अंतर काढावयास एक मिनिट पुरते. त्याच नकाशात रस्त्यावर उतरल्यासारखे दुतर्फा पाहता येते. ते चित्र कोणत्या वर्षी घेतले हेही तेथेच लिहिलेले असते. तेवढे पाहून घ्यावे, कारण जुन्या चित्रातले दुकान आज असेलच असे नाही.

हवामानाचे म्हणाल तर, आपल्या वऱ्हाडातील पापळचे पंजाबराव देशमुख ज्या एडिंबरोत शिकले, तेथे डिसेंबरात दुपारी पावणेचारच्या आतच सूर्य मावळतो. सायंकाळचे वर्ग असतील तर परतीच्या वाटेवर दिवे आहेत काय, हे अगोदर विचारणे हा भित्रेपणा नव्हे. जेवणाचेही तसेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा पहिल्या वसतिगृहातील जेवण न मानवल्याने त्यांना लवकरच दुसरीकडे बिऱ्हाड हलवावे लागले.

विचारावे कोणाला? विद्यापीठे आपल्या विद्यार्थ्यांशी बोलण्याची सोय स्वतःच करून देतात. मुले चांगली असतात, परंतु निवड विद्यापीठाची असते, हे विसरू नये. म्हणून तेथील भारतीय विद्यार्थ्यांच्या मंडळातून आणखी एकास गाठावे आणि "कॉलेज कसे आहे?" असे मोघम विचारू नये. खोलीला ओल येते काय, ती तापते कशाने, त्याचा आकार भाड्यात धरला आहे की वेगळा, आजारी पडल्यास डॉक्टर किती दिवसांनी भेटतो, असे विचारावे. शक्य तर मोबाईलवर खोली फिरवून दाखवावयास सांगावे, आणि त्या वेळी आईने शेजारी बसावे. तिच्या नजरेतून जे सुटत नाही ते आपल्या नजरेतून सुटते.

अध्यक्षमहाराजांच्या अनुज्ञेने आणखी एक सांगतो. भोजनोत्तर शाळेच्या पहिल्या खोलीत संगणक मांडून ठेवला आहे. ज्यांची प्रवेशपत्रे आली आहेत त्यांनी ती घेऊन पालकांसह यावे. प्रत्येकाचा पत्ता नकाशावर काढून पाहू. अंधार पडेपर्यंत मी तेथेच आहे.