बाजारभाव आणि वर्गणी

(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



आपल्या निफाड तालुक्यातला कांदा पिकतो शेतात, लिलावाला जातो लासलगावी. पण भावाची दोरी पुष्कळदा दिल्लीच्या हाती असते. शहरात कांदा महागू नये म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले, डिसेंबरात निर्यातच बंद झाली. बंदी मे २०२४ मध्ये उठली. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. भाव पडला की शेतकऱ्यामागोमाग हमाल, टेम्पोवाला, किराणा दुकानदार, सर्वांचाच हात आखडतो.

तेव्हा वर्गणीच्या पावतीवरून कोणाची श्रद्धा मोजू नये. ज्यांनी दगड-वाळू वाहिली त्यांचीही नावे देणगीदारांच्याच फलकावर कोरावीत, एवढी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.