पाण्यामागे गेलेली माणसे

(भोर-वेल्हे परिसरातील तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला 'खेड्यातून शहरात' हा विषय दिला आहे. या विषयावर बोलताना खेड्याचे गोडवे गायचे, शहराला नावे ठेवायची आणि शेवटी तरुणांना गावाकडे परतण्याचा उपदेश करायचा, अशी एक रूढ वाट आहे. त्या वाटेने जाण्याचा माझा इरादा नाही. ज्याला शहरात दोन वेळचे जेवण, दवाखाना आणि मुलांची शाळा मिळते, त्याने वेल्ह्याच्या पोराला 'तू इथेच थांब' असे सांगावे, हा कोरडा शहाणपणा आहे. तुमच्यापैकी निम्मेअधिक जण येत्या दोन-तीन वर्षांत पुण्याची वाट धरणार, हे मला दिसते आहे. तुम्ही जावे की जाऊ नये हा माझा प्रश्न नाही. तुम्ही कोण म्हणून जाणार, एवढाच माझा प्रश्न आहे.

आपला हा मुलूख कसा आहे ते तुम्हाला सांगायला नको. हिरडस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे, मोसे खोरे ही नावे इतिहासाच्या पुस्तकात तेजस्वी दिसतात. पण शेतकऱ्याच्या वाट्याला येते ते खाचरातले एक भाताचे पीक आणि वरकस जमिनीवरची नाचणी-वरई. पावसाळ्यात मुसळधार पाऊस आणि उन्हाळ्यात बाईच्या डोईवर हंडा. भात निघाले की हाताला काम नाही. म्हणून इथल्या पुरुषाने वर्षाचे दोन तुकडे केले. लावणीला आणि कापणीला गावात यायचे, उरलेले दिवस मुंबईच्या गिरणीत नाहीतर पुण्याच्या बाजारात काढायचे. मुंबईच्या गिरण्यांची वाट १९८२ च्या संपानंतर बंद होत गेली. पुण्याची वाट मात्र रुंद होत राहिली. वेल्हे तालुक्याला 'राजगड' हे नाव देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ साली घेतला, त्याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु २०११ च्या जनगणनेत ज्या तालुक्याची लोकसंख्या जेमतेम साडेचोपन्न हजारांच्या घरात होती, त्याला नव्या नावाइतकीच नव्या कामाचीही गरज आहे.

आता एक हिशेब मांडतो. या दोन तालुक्यांतून माणसे जायच्या आधी पाणी गेले. येळवंडी नदीवरचे भाटघर धरण १९२८ साली पुरे झाले. त्याची साठवण साडेतेवीस टीएमसी. हे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणच्या उसाला गेले. आंबी नदीवरचे पानशेत आणि मोसे नदीवरचे वरसगाव, या दोहोंची मिळून साठवणही साडेतेवीस टीएमसीच्या आसपास. ते खडकवासल्यात उतरते आणि पुणे शहराच्या नळांना व पुढे कालव्याला जाते. पुढे नीरा-देवघर आले, गुंजवणी आले. एकूण साठ टीएमसीहून अधिक पाणी आपल्या डोंगरांनी अडवून दिले. त्यासाठी जी खाचरे बुडाली ती नदीकाठची, म्हणजे सर्वांत कसदार होती. वर उरला तो उतार. उतारावर कुटुंब जगत नाही. मग कुटुंबातला कर्ता मुलगा पाण्यामागोमाग पुण्याला गेला. याला आपण 'नोकरीसाठी स्थलांतर' म्हणतो. मला हा शब्द अपुरा वाटतो.

१२ जुलै १९६१ ही तारीख पुणेकर विसरलेला नाही. त्या दिवशी बांधकाम पुरते न झालेले पानशेत धरण फुटले आणि नदीकाठचे पुणे वाहून गेले. तेव्हाचे पुणे सहा लाखांच्या आसपास वस्तीचे, मध्यम आकाराचे शहर होते. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांनाही मालकी हक्कासाठी दशकानुदशके झगडावे लागले, हे मी विसरत नाही. त्यांचे दुःख खरेच होते. परंतु त्याच धरणाखाली ज्यांची गावे गेली, त्यांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात व्हायला १९७६ साल उजाडावे लागले. शेजारच्या मुळशीत सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी १९२१ साली धरणग्रस्तांचा सत्याग्रह उभारला होता. तेव्हापासून मोजले तर पंचावन्न वर्षे. धरणाचे पाणी अंगावर आले तर तो नागरिक, आणि धरणाच्या पाण्याखाली गेला तर तो अडथळा, असा हा न्याय होता.

या माणसाचे शहरात स्वागत कसे झाले? नाना-भवानी पेठेतल्या भुसार बाजारात पाठीवर पोते घेणाऱ्यांत मुळशी, वेल्हे, भोरची माणसे मोठ्या संख्येने होती. एका खोलीत गावातले दहा-बारा जण राहायचे. वळकटी गुंडाळून भिंतीशी, ट्रंक खुंटीखाली, जेवण खानावळीत. पत्र लिहून घ्यायला शेजारच्या शाळेतला पोरगा. आजारी पडला तर गावाकडे जाणाऱ्या एस.टी.त बसवून द्यायचे. शंभर किलोचे पोते उचलणाऱ्या माणसाला शहर 'ए हमाल' म्हणून हाक मारत होते. त्याला नाव आहे, गाव आहे, हे बाजाराच्या लेखी नव्हते. ज्या मावळ्याच्या नावाने सभा गाजतात, तोच मावळा सभामंडपाबाहेर पाटी घेऊन बसलेला असायचा.

हे चित्र पालटले ते कोणाच्या कृपेने नव्हे. पन्नासच्या दशकात डॉ. बाबा आढावांच्या पुढाकाराने हमाल पंचायत उभी राहिली. १९६९ साली माथाडी कायदा झाला. मजुरी मंडळामार्फत मिळावी, भविष्यनिर्वाह निधी असावा, मालक अनेक असले तरी कामगार निराधार नसावा, ही त्या कायद्याची विलक्षण कल्पना. १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू झाले आणि हमालाला स्वस्तात पोटभर जेवण मिळू लागले. बाजार गुलटेकडीला गेला; हमालनगर वसले, हमालांची मुले शिकली. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने उचलायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचवली होती. आपल्याकडे शंभर किलोचे पोते पन्नासवर यायला दीर्घकाळ झगडावे लागले. बाबा डिसेंबर २०२५ मध्ये गेले. त्यांच्या कामाचा अर्थ मी असा लावतो: माणूस शहरात केवळ राहायला गेल्याने शहराचा होत नाही, तो संघटित झाला म्हणजे शहराला त्याची दखल घ्यावी लागते.

आज पाठीवर पोत्याऐवजी चौकोनी पिशवी आली आहे. तुमचे भाऊ मोटारसायकलवरून लोकांची जेवणे पोहोचवतात, सोसायटीच्या फाटकावर बारा-बारा तास उभे राहतात, शिरवळच्या कारखान्यांत ठेकेदाराच्या हजेरीवर असतात. मालक कोण हे त्यांना ठाऊक नाही. मोबाइलमधला हिशेब हाच मुकादम. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांचा प्रथमच उल्लेख आला. राजस्थानने २०२३ साली त्यांच्यासाठी कल्याण मंडळाचा कायदा केला आणि त्याची घडण आपल्या माथाडी मंडळाशी मिळतीजुळती आहे. जी कल्पना हमालांच्या घामातून महाराष्ट्रात रुजली, ती नव्या हमालांसाठी आपण वापरू नये, ही शरमेची गोष्ट आहे.

आणि राहायचे कुठे? पेठेतली खोली आता परवडत नाही. म्हणून आपला माणूस धायरी, नऱ्हे, आंबेगाव, किरकटवाडी, नांदेड या गावांच्या इमारतींत एक-दोन खोल्या घेतो. ही गावे २०१७ आणि २०२१ च्या हद्दवाढीत महापालिकेत आली. नळ मात्र हद्दीच्या वेगाने पोहोचला नाही. टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागतात. जानेवारी २०२५ मध्ये याच सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गिया-बारे या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. हातापायांतले बळ जाणारा हा आजार. संशय पिण्याच्या दूषित पाण्यावर आला. खडकवासल्याची भिंत तिथून हाकेच्या अंतरावर आहे. ज्याच्या आजोबाने पाण्यासाठी जमीन दिली, त्याच्या नातवाला त्याच पाण्याच्या पायथ्याशी शुद्ध पाण्याचा घोट विकत घ्यावा लागावा, यापेक्षा या विकासाचा हिशेब अधिक स्पष्ट कसा मांडता येईल?

आता थोडे कडू बोलतो. शहरातल्या त्या दोन खोल्यांसाठी आपण काय विकतो? धरणाच्या काठाची, रस्त्यालगतची जमीन. गिऱ्हाईक पुण्यामुंबईचे, त्याला शेतघर हवे असते. विकणारा वाईट नसतो. त्याला मुलाची फी भरायची असते, मुलीचे लग्न असते. पण जोवर सातबाऱ्यावर नाव आहे, तोवर शहरात नोकरी गेली तरी परतायला दार आहे. ते विकले की शहर हे एकच दार उरते आणि त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असते. या व्यवहारात घरच्या बाईला कोणी विचारत नाही. नवरा पुण्यात असताना नांगरणीला माणूस शोधणारी, राब भाजणारी, सासू-सासऱ्यांचे करणारी ती. पण बहुतेक ठिकाणी उताऱ्यावर तिचे नाव नाही. २००५ च्या कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, तर आपल्या गावांत तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत पडली. इथे बसलेल्या भगिनींना माझे सांगणे आहे की सही करण्यापूर्वी कागद वाचा.

ज्यांच्याकडे विकायलाही जमीन नाही, त्या कातकरी बांधवांचे स्थलांतर तर आपल्या चर्चेतही येत नाही. वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर सगळे कुटुंब जाते, मुलांची शाळा सुटते, रेशनकार्ड एकीकडे आणि पोट दुसरीकडे. मावळ्यांच्या वारसाचा हक्क मागताना या माणसाला बाहेर ठेवले, तर आपली मागणी न्यायाची न राहता जातीची होईल.

आपण समाजवादी म्हणवणाऱ्यांनी एक चूक कबूल केली पाहिजे. बाबांनी हमालांचीही चळवळ चालवली आणि धरणग्रस्तांचीही. त्यांच्या मनात हा एकच माणूस होता. आपण मात्र त्याला दोन खात्यांत टाकले. खोऱ्यात तो धरणग्रस्त आणि बाजारात तो असंघटित कामगार. गावातल्या शाखेला शहरातल्या शाखेचा पत्ता नाही. निवडणुकीत गावचे पुढारी याच माणसाला मतदानासाठी गाडीने आणतात, कारण त्याचे मन अजून दोन ठिकाणी नांदते हे त्यांना कळते. जे पुढाऱ्यांना कळते, ते आपल्याला कळू नये?

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. गावोगाव नोंद ठेवा: कोण गेले, कुठे राहते, कोणत्या कामावर आहे. पुण्यात त्या नोंदीच्या आधारे वस्तीवार मंडळे बांधा. ती जत्रेच्या वर्गणीपुरती नकोत, ती रेशन, पाणी, भाडेकरार आणि मजुरी यांवर बोलणारी हवीत. आणि जमीन विकण्याचा प्रश्न घरातल्या बायकांसमोर आणि ग्रामसभेसमोर उघड बोलायला शिका.

तुम्ही पुण्याला जाल तेव्हा कात्रजचा बोगदा ओलांडाल किंवा खडकवासल्याच्या काठाने उतराल. कोणी विचारील, 'कुठले तुम्ही?' मान खाली घालून 'तिकडचे, वेल्ह्याकडचे' असे पुटपुटू नका. तुम्ही त्या शहरात पाहुणे म्हणून जात नाही. त्या शहराच्या प्रत्येक नळाला तुमच्या गावाचा पत्ता आहे. तो पत्ता शहराला वाचून दाखवायचे काम तुमचे आहे.