रोग बरा होतो, माणूस केव्हा?



‘बरे होणे’ हा आपल्या भाषेतील मोठा अर्थवाही शब्दप्रयोग आहे. शरीर व्याधिमुक्त झाले की मनुष्य ‘बरा झाला’ असे आपण म्हणतो आणि स्वभावाने सज्जन असेल तर त्यालाही ‘बरा माणूस’ म्हणतो. परंतु एक व्याधी अशी आहे की, तिने ग्रासलेला मनुष्य औषधाने पूर्ण बरा होतो, तरी त्याच्या सभोवतालचा समाज बरा होत नाही. ती व्याधी म्हणजे कुष्ठरोग. महारोग, रक्तपिती ही तिची जुनी नावे उच्चारली तरी आजही काही घरांत आवाज खाली येतो.

हा रोग पूर्वजन्मीच्या पातकाचे फळ नव्हे आणि तो आनुवंशिकही नव्हे. नॉर्वेतील डॉ. हॅन्सन यांनी १८७३ साली त्याचा जंतू शोधून काढला. बहुसंख्य माणसांच्या ठायी या जंतूशी लढण्याची निसर्गदत्त शक्ती असते. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने डॅप्सोन, रिफॅम्पिसिन आणि क्लोफाझिमिन यांच्या संयुक्त उपचाराची शिफारस केली. सहा ते बारा महिन्यांत रोगी बरा होतो आणि उपचार सुरू झाल्यावर अल्पावधीतच त्याच्यापासून संसर्गाचे भय उरत नाही. सरकारी आरोग्य केंद्रांत ही औषधे विनामूल्य मिळतात. २००५ च्या अखेरीस देशातील रुग्णांचे प्रमाण दहा हजारांमागे एकाहून खाली आले. तरीही दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण आढळतात. औषध आहे, ते फुकट आहे, मग रुग्ण उशिरा का येतो? चट्टा दिसला की त्याला रोगापेक्षा अधिक भय वाटते ते घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचे. लपविण्यात महिने जातात आणि तेवढ्यात मज्जातंतू निकामी होतात.

घरची नजर

मज्जातंतू निकामी झाले की वेदना नाहीशी होते. वेदना नसणे हे सुख वाटेल. पण तोच मोठा शाप आहे. पायाला खडा टोचला, चुलीवरच्या भांड्याने हात भाजला, तरी कळत नाही. जखमा चिघळतात आणि बोटे झडतात ती यामुळे. म्हणून रोज पाय पाण्यात भिजवावे लागतात, तेल चोळावे लागते आणि तळवा निरखून पाहावा लागतो. स्वतःचा तळवा स्वतःला नीट दिसत नाही. तिथे पत्नीची, मुलाची, सुनेची नजर लागते. ज्याला स्पर्श कळत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्याने पाहायचे असते. गोळी जंतू मारते. हे पाहण्याचे काम मात्र कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळत नाही. अशा माणसाला घराबाहेर काढणे म्हणजे त्याच्या उपचाराचा अर्धा भागच काढून घेणे होय.

पंक्तीचा प्रश्न

सदाशिव गोविंद कात्रे हे रेल्वेतील नोकरदार. ते स्वतः कुष्ठरोगाने ग्रस्त झाले. तिरस्काराचा अनुभव घेतलेल्या या संघ कार्यकर्त्याने १९६२ साली आजच्या छत्तीसगडमधील चांपा येथे भारतीय कुष्ठ निवारक संघाची स्थापना केली. अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे दामोदर गणेश बापट १९७२ साली तेथे गेले आणि तेथलेच झाले. रुग्णांच्या हातचे अन्न ते त्यांच्यात बसून जेवत. औषध देणारे हात पुष्कळ असतात. रुग्णाने वाढलेली भाकरी घेणारा हात विरळा. दिल्याने उपकार होतो, घेतल्याने नाते जुळते. २०१८ साली बापटांना पद्मश्री मिळाली. २०१९ साली ते गेले, तेव्हा त्यांचा देहही वैद्यकीय अभ्यासासाठी दान झाला. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली उभारलेले तपोवन आणि वरोऱ्यात बाबा आमट्यांनी उभारलेले आनंदवन याच मार्गावरील तीर्थे आहेत.

कायद्यावरचा चट्टा

राजकारण म्हणजे केवळ निवडणूक नव्हे. कोणाला पंक्तीत बसवायचे आणि कोणाला उठवायचे, हा निर्णयही राजकारणच. घरातला हा निर्णय पुढे कायद्यात उतरतो. इंग्रजांनी १८९८ साली केलेला कुष्ठरोगीविषयक कायदा स्वतंत्र भारताच्या कायद्यांतून २०१६ साली रद्द झाला. ओडिशाच्या नगरपालिका कायद्यात कुष्ठरुग्णाला नगरसेवकपदासाठी अपात्र ठरविणारी तरतूद होती. ती २००८ साली सर्वोच्च न्यायालयात वैध ठरली. मात्र अशा तरतुदी ठेवाव्यात का, याचा विधिमंडळाने विचार करावा, असेही न्यायालयाने सुचविले. विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात भेदभाव करणारे कायदे दूर करण्याची शिफारस केली. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. ते हिंदू विवाह कायद्यासह विविध व्यक्तिगत कायद्यांतून २०१९ साली वगळण्यात आले. खात्रीचे औषध हाती आल्यावर कायद्यावरचा हा चट्टा पुसायला अडतीस वर्षे लागली.

कायदा घटस्फोटाचे कारण काढून टाकू शकतो. जेवताना पाट शेजारी मांडण्याची आज्ञा तो देऊ शकत नाही. ते काम घराचे आहे. उद्या घरी कामाला येणाऱ्या बाईच्या हातावर फिकट, बधिर चट्टा दिसला, तर तिचे काम तोडायचे की तिला सोबत घेऊन आरोग्य केंद्रात जायचे? आश्रमातल्या बऱ्या झालेल्या दांपत्याच्या निरोगी मुलीचे स्थळ सांगून आले, तर पत्रिका उघडायची की न उघडताच परत करायची? या प्रश्नांची उत्तरे सभागृहात टाळ्या वाजवून देता येत नाहीत. ती आपापल्या उंबरठ्याच्या आत द्यावी लागतात.

रुग्ण बारा महिन्यांत बरा होतो. आता आपल्याला बरे व्हायचे आहे.