साठी आणि बुद्धी



हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या तीरी नरसी नामदेव हे गाव आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरा त्याला मानते. इ. स. १२७० मध्ये जन्मलेले नामदेव १३५० मध्ये समाधिस्थ झाले. म्हणजे त्यांना ८० वर्षांचे आयुष्य लाभले. उत्तरवयात त्यांनी पंजाबपर्यंत संचार करून तेथे भक्तिमार्गाचा प्रसार केला, असेही परंपरा सांगते. ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीला याहून चांगले उत्तर कोणते?

तथापि, ती म्हण उगीच रूढ झालेली नाही. घरातील आजोबा बालपणी पाठ केलेले अभंग बिनचूक म्हणतात; परंतु सकाळी जेवण झाले की नाही, हे त्यांना आठवत नाही. घरची मंडळी ‘वयच झाले’ असे म्हणून हसण्यावारी नेतात. पुढे एके दिवशी त्यांना घरची वाट सापडत नाही, आणि मग सर्वांचे डोळे उघडतात. भारतात साठीपुढील १०० माणसांत सुमारे ७ जणांना स्मृतिभ्रंश असतो, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत वर्तविला आहे.

या विकाराचा कोलेस्टेरॉल नामक स्निग्ध द्रव्याशी काय संबंध? हे द्रव्य मुळात शत्रू नव्हे. यकृत ते तयार करते. त्यापासून पित्तातील पाचक द्रव्ये व काही अंतःस्राव बनतात. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीरातील कोलेस्टेरॉलचा सुमारे पाचवा हिस्सा मेंदूत असतो. मज्जातंतूंवरील आवरण त्यावाचून बनत नाही. रक्तातील कोलेस्टेरॉल मात्र सहसा मेंदूत शिरत नाही; मेंदू आपली गरज स्वतःच भागवितो. मग रक्तातील वाढीने अपाय होतो तो कसा? एलडीएल या वाहकाबरोबर फिरणारे कोलेस्टेरॉल प्रमाणाबाहेर वाढले, की ते रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचते, वाट अरुंद होते, आणि मेंदूचा रक्तपुरवठा खुंटतो. कित्येकदा लहानसहान आघात कोणाच्या लक्षातही न येता होऊन जातात.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची १४ निवार्य कारणे सांगितली. मध्यम वयात वाढलेले एलडीएल हे त्यांत त्या वर्षी नव्याने आले. ही सर्व कारणे दूर झाल्यास सुमारे ४५ टक्के रुग्णांचा विकार टळेल अथवा लांबणीवर पडेल, असा त्यांचा अंदाज आहे. येथे ‘मध्यम वय’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. उतारवयात कोलेस्टेरॉल उतरविण्याचे औषध सुरू केल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असे प्रयोगांत आढळलेले नाही. हृदयासाठी ते औषध उपयुक्त असते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ते बंद करू नये.

तेव्हा काळजी चाळिशीतच घ्यावयास हवी. मराठवाड्याच्या जुन्या ताटातील ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी आणि बेताचे करडईचे तेल हा आहार आजही हितकर आहे. वनस्पती तूप, तळलेले पदार्थ व साखर यांना आवर घालावा. हिंगोलीच्या परिसरात हळद मुबलक पिकते. परंतु हळदीने स्मरणशक्ती टिकते, असे सिद्ध झालेले नाही. वर्षातून एकदा वारीला जाणे पुण्यप्रद खरे, पण शरीराला रोजचे चालणे हवे. आठवड्यास निदान १५० मिनिटे. रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल यांची तपासणी करावी. तंबाखू सोडावा. ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्र घेण्यात संकोच नसावा, कारण बहिरेपण माणसाला एकाकी करते. भजनी मंडळात चार माणसांत बसून नवे पद पाठ करणे हाही मेंदूचा व्यायामच होय.

आणि विस्मरण दिसू लागलेच, तर हसू नये. थायरॉईडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा मनाची उदासीनता यांमुळेही तसे होते, व त्यांवर उपाय आहेत. आजोबांना लवकर डॉक्टरांकडे न्यावे, आणि नेणाऱ्या चाळिशीतील मुलाने त्याच खेपेस आपलेही रक्त तपासून घ्यावे.