मोटार विजेची, सोय कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मघाशी चहाच्या वेळी एका तरुण मित्राने मला विचारले, "सर, विजेच्या मोटारी हा श्रीमंतांचा शौक, त्यात आपण कशाला लक्ष घालायचे?" प्रश्न रास्त आहे. परंतु मोटार ज्याची त्याची असली, तरी रस्त्याकडेला ती चार्ज करण्याची सोय ही सार्वजनिक व्यवस्था आहे आणि ती आपल्या डोळ्यांदेखत उभी राहत आहे.

सरकारी आकडेवारीप्रमाणे फेब्रुवारी २०२४ मध्ये देशात १२,१४६ सार्वजनिक चार्जिंग केंद्रे होती, पैकी ३,०७९ महाराष्ट्रात. वर्ष संपता संपता देशाचा आकडा २५,००० च्या वर गेला. (यंत्र चालू आहे की बंद, हे असले आकडे सांगत नाहीत.) ही वाढ केवळ बाजाराची करामत नव्हे. २०१९ च्या 'फेम-२' योजनेतून १,००० कोटी रुपये यासाठी राखले गेले. मार्च २०२३ मध्ये त्यांतील ८०० कोटी तीन सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ केंद्रांसाठी मंजूर झाले. २०२४ च्या 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेत आणखी २,००० कोटी ठेवले आहेत. पैसा जनतेचा आहे.

तो लागतो, याचे कारण अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. जागा, जोडणी, ट्रान्सफॉर्मर, यंत्र हा सारा खर्च आधीच करावा लागतो. दिवसाला दोन गाड्या येवोत की वीस, तो बदलत नाही. साहजिकच खाजगी भांडवल जेथे गाड्या आहेत तेथेच जाते. एसटी आडगावी पोचली ती तेथील तिकीटविक्री पाहून नव्हे, हे आपण विसरता कामा नये.

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे वीज विकावयाची तर परवाना लागतो. एप्रिल २०१८ मध्ये ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला की, गाडी चार्ज करून देणे ही विजेची विक्री नव्हे, ती सेवा आहे. त्या खुलाशाने परवान्याची अट गळून पडली आणि क्षेत्र सर्वांना खुले झाले. मला त्यात गैर वाटत नाही. परंतु सेवा म्हटली की कर आला! जुलै २०२३ मध्ये कर्नाटकातील जीएसटीच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने या सेवेवर १८ टक्के कर लागतो असा निर्णय दिला. विचारणा केली होती एका सरकारी वीज वितरण कंपनीनेच. याउलट घरच्या विजेवर राज्याचे वीजशुल्क असते, पण जीएसटी नसतो. म्हणजे ज्याच्या बंगल्यात गाडी लावायला जागा आहे तो या करातून सुटतो आणि चाळीत राहणारा रिक्षावाला तो भरतो. खुद्द विजेच्या गाडीवर मात्र जीएसटी ५ टक्केच.

दुसरी गोष्ट दराची. सप्टेंबर २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार चार्जिंग केंद्रांना सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळात वीज सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट दराने मिळावी, उरलेल्या वेळात १.३ पट दराने. दिवसा सौर वीज मुबलक असते, तेव्हा यामागचा हेतू चांगलाच आहे. परंतु हेच तास रिक्षावाल्याच्या धंद्याचे! तो गाडी लावतो रात्री, जेव्हा दर जवळजवळ दुप्पट असतो. दुपारी मोकळा असतो कोण? कचेरीच्या वाहनतळावर उभी असलेली साहेबांची मोटार.

तेव्हा दोन दारे ठोठवावी लागतील. कराचा प्रश्न जीएसटी परिषदेचा आहे. राज्यातील दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो आणि त्यावर जनसुनावणी होते. नुसत्या घोषणांनी तेथे भागत नाही, आकडे मांडावे लागतात. निवेदनाचा मसुदा मी करून देईन. आपापल्या थांब्यावरील विजेच्या रिक्षा किती वाजता, कोठे आणि किती रुपयांत चार्ज होतात, याची महिनाभराची नोंद मात्र तुम्ही आणून द्या.